कावीळ उतरते, विषाणू उरतो

मराठी मुलखात कावीळ झालेल्या माणसाला बहुधा दोन ठिकाणी नेले जाते. एक डॉक्टरकडे; आणि दुसरे, डॉक्टरच्या आधी किंवा नंतर, कावीळ ‘उतरवून’ देणाऱ्याकडे. कोठे गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालतात आणि ती दिवसेंदिवस लांबत छातीखाली आली म्हणजे कावीळही उतरली असे मानतात. कोठे रोग्याच्या हातांना झाडाच्या सालीचा रस चोळून ते चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळे झाले की अंगातली कावीळ पाण्यात आली, अशी नातेवाइकांची खात्री पटते. वस्तुतः काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. आंब्याच्या सालीच्या रसाला चुना लागला की निरोगी माणसाच्या हातांचेही पाणी पिवळे निघते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग अनेक ठिकाणी करून दाखविले आहेत. तरीही या उपचारांवरचा विश्वास ढळत नाही, आणि त्याला अज्ञानाखेरीज आणखी एक कारण आहे. रोगी बहुतेक वेळा खरोखरच बरा होतो.

तो बरा होतो, कारण त्याला झालेली कावीळ मुळात आपोआप ओसरणारी असते. परंतु ‘कावीळ’ या एकाच नावाखाली वावरणारी दुसरीही एक कावीळ आहे. तिच्यात डोळ्यांचा पिवळेपणा जातो, भूक परत येते, माणूस कामावर रुजू होतो, आणि विषाणू मात्र यकृतात मुक्काम ठोकून बसतो. किंबहुना पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. वीस-पंचवीस वर्षांनी पोटात पाणी साठते किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा आपल्याला कधी काळी काही झाले होते याची रोग्याला आठवणही नसते. या दुसऱ्या काविळीविषयी सुशिक्षित समाजातही जे औदासीन्य आहे, ते चिंता वाटावी असे आहे.

एक शब्द, दोन कुळे

कावीळ हा रोग नव्हे. ते लक्षण आहे. यकृताला सूज आली, त्याचे काम मंदावले की रक्तातील पित्तरंजक द्रव्य वाढते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसू लागते. ही सूज आणणाऱ्या प्रमुख विषाणूंना इंग्रजी वर्णमालेतील ए, बी, सी, डी आणि ई ही अक्षरे दिलेली आहेत. त्यांतील ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. ती ई विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले. ही कावीळ गर्भवतींना अतिशय घातक ठरू शकते. तथापि बाकीच्या बहुसंख्य रोग्यांच्या शरीरातून हे विषाणू काही आठवड्यांत निघून जातात. माळेला आणि चुन्याच्या पाण्याला जे यश मिळते ते याच कुळाच्या जिवावर.

बी आणि सी यांचे कुळ निराळे. त्यांचा प्रवास रक्तातून रक्तात होतो. (डी हा बी विषाणूच्या आधाराशिवाय वाढूच शकत नाही, म्हणून बीपासून ज्याचे रक्षण झाले त्याचे डीपासूनही झाले.) सी विषाणूची बाधा झालेल्या दर दहा जणांपैकी सुमारे सात जणांच्या शरीरात तो कायम राहतो, आणि अशांपैकी पंधरा ते तीस टक्क्यांचे यकृत वीस वर्षांच्या आत घट्ट व निकामी होत जाते. बी विषाणूच्या बाबतीत वय निर्णायक ठरते. धडधाकट प्रौढाला बाधा झाली तर शंभरांतील पंचाण्णव जण त्याला हुसकावून लावतात. पण तीच बाधा जन्मतः झाली तर दहांपैकी नऊ बालकांच्या शरीरात तो जन्मभराचा सोबती होतो. दोन्हींचा शेवट यकृताच्या काठिण्यात किंवा कर्करोगात होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात बी विषाणू आणि सुमारे ५ कोटी लोकांच्या शरीरात सी विषाणू ठाण मांडून होता. त्या वर्षी या रोगांनी सुमारे तेरा लाख माणसे दगावली. क्षयाने घेतलेले बळीही त्या वर्षी साधारण तेवढेच होते. भारताच्या वाट्याला यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख बी-बाधित आणि ५५ लाख सी-बाधित येतात. क्षयाचे नाव घेताच माणूस सावध होतो. या रोगाचे नाव मात्र पुष्कळांना धड ठाऊकही नाही.

सुईमागचा इतिहास

या रोगाच्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, त्याचा मोठा प्रसार अनेकदा उपचार करणाऱ्यांच्याच हातून झाला आहे. १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे जहाजबांधणीच्या कारखान्यातील १,२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ती माणसाच्या अंगावरील फोडातील लसिकेपासून केलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांतील १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यातील ज्या कामगारांना दुसऱ्या लसिकेने टोचले होते ते सुखरूप राहिले. विषाणू ही कल्पनाही तेव्हा रूढ नव्हती. पण टोचणीतून कावीळ जाऊ शकते याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याला पीतज्वराची जी लस टोचली गेली तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. त्यानंतर सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले.

यापेक्षाही बोलके उदाहरण इजिप्तचे. नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमा कृमींच्या रोगाचा नायनाट करण्यासाठी तेथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्याखेड्यांतून अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने देण्याची मोहीम चालली. हेतू उदात्त होता. पण काचेच्या सिरिंजा मोजक्या, रांगा लांब आणि उकळण्याला वेळ अपुरा. एकाच सिरिंजने अनेकांना टोचले गेले. कृमिरोग ओसरला आणि त्याच्या मागोमाग सी विषाणू घरोघर पोचला. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील सुमारे पंधरा टक्के लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. हे प्रमाण जगात सर्वाधिक होते.

ही उदाहरणे दूरच्या देशांतील किंवा गतकाळातील आहेत असे म्हणून समाधान मानता आले असते. पण २००९ च्या आरंभी महाराष्ट्राच्या शेजारीच, गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे जे घडले त्याने ती सोयही ठेवली नाही. तेथे आणि आसपासच्या गावांत बी प्रकारच्या काविळीची साथ उसळली. चारशेहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यांतील साधारण पाचांतला एक मरण पावला. पाण्याचे नमुने तपासून उत्तर मिळणारे नव्हते. रोग्यांच्या गेल्या काही महिन्यांच्या हकिकती जुळविल्या तेव्हा धागा दवाखान्यांतील इंजेक्शनांपाशी आणि पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजांपाशी येऊन थांबला. ही साथ आली तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळण्याचे दिवस मागे पडले होते. एकदा वापरून टाकून देण्याची प्लास्टिकची सिरिंज काही रुपयांत मिळत होती. तेवढी बचत शेकडो कुटुंबांना भोवली.

मोडाशाचा दोष काही डॉक्टरांच्या माथी मारून प्रकरण मिटत नाही. २००२-०३ च्या सुमारास देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी सुमारे त्रेसष्ट टक्के इंजेक्शने असुरक्षित आढळली होती. त्यानंतर सरकारी लसीकरणात पुन्हा वापरताच न येणाऱ्या सिरिंजा आल्या, ही स्वागतार्ह सुधारणा होय. परंतु लसीकरणाबाहेर, साध्या तापासाठी आणि अशक्तपणासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची संख्या कितीतरी मोठी आहे, आणि या मागणीला रोगीही तितकाच जबाबदार असतो. सुई टोचल्याखेरीज गुण येत नाही, नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर कच्चा, ही समजूत खेड्यात आहे तशी शहरातील चाळीतही आहे. सर्दी-पडशाला इंजेक्शन लागत नाही, तोंडाने घेता येणारे औषध बहुतेक वेळा तेवढेच गुणकारी असते, हे सांगणारा डॉक्टर रोगी गमावतो. मग तोही सुई उचलतो.

त्यातच या विषाणूची एक चाल मोठी फसवी आहे. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बी विषाणूला एक ते सहा महिने लागतात. पावसाळ्यात घेतलेल्या सुईचा परिणाम थंडीत दिसतो. तोपर्यंत ती सुई कोणी दिली, कशासाठी दिली, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. आणि कावीळ म्हटली की दोष पाण्याला दिला जातो.

लहान जखमांची मोठी वाट

बी विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि रक्त डोळ्यांना दिसणार नाही एवढे अल्प असले तरी त्याला पुरते. बाधित रक्ताची सुई चुकून टोचली गेली तर लस न घेतलेल्या परिचारिकेला बी विषाणूची बाधा होण्याचा संभव तीस टक्क्यांपर्यंत असतो. सी विषाणूच्या बाबतीत तो सुमारे दोन ते तीन टक्के आणि एड्सच्या विषाणूच्या बाबतीत ०.३ टक्के. एड्सला भिणाऱ्या समाजाने हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

साहजिकच जेथे जेथे त्वचा भेदली जाते तेथे तेथे सावधगिरी आवश्यक ठरते. सिरिंजची केवळ सुई बदलणे पुरेसे नाही, कारण टोचताना रक्ताचा अंश नळीत ओढला जातो. वापरलेली सुई औषधाच्या सामाईक बाटलीत खुपसली तर त्या बाटलीतील पुढचे सर्व डोस दूषित होऊ शकतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. दात काढण्याची हत्यारे, जत्रेत गोंदणाऱ्याची सुई, केशकर्तनालयातील वस्तऱ्यात अडकविलेले अर्धे पाते आणि दाढीनंतर एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरणारी तुरटी, या सर्वांना हाच नियम लागू आहे. कान सोनारानेच टोचावेत अशी म्हण मराठीत आहे. सोनाराची तारही दरवेळी नवी किंवा निर्जंतुक असावी, एवढी भर तिच्यात घालायला हवी. घरातही दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा असावा.

याखेरीज लैंगिक संबंधातून विशेषतः बी विषाणू पसरतो. निरोधाचा वापर आणि लस हे त्यावरचे उपाय आहेत. नशेसाठी एकच सुई वाटून घेणाऱ्या तरुणांत सी विषाणूचा फैलाव झपाट्याने होतो. पंजाब आणि मणिपूर या राज्यांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. अशा तरुणांना धिक्काराने दूर लोटल्यास ते सुईपासून दूर जात नाहीत, फक्त दवाखान्यापासून दूर जातात.

रक्तसंक्रमणाचा मार्ग मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाला आहे. एके काळी पैशांसाठी रक्त विकणाऱ्यांवर रक्तपेढ्या अवलंबून असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १९९८ पासून हा व्यवहार बंद झाला आणि २००१ पासून प्रत्येक बाटलीतील रक्ताची सी विषाणूसाठीही तपासणी सक्तीची झाली. १९८० च्या दशकात किंवा १९९० च्या दशकात ज्यांना शस्त्रक्रियेच्या अगर बाळंतपणाच्या वेळी रक्त द्यावे लागले, त्यांनी एकदा तपासणी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे ठरेल. रक्तदात्याला मात्र कसलीच भीती नाही, कारण त्याला टोचली जाणारी सुई नवी असते.

आयुष्याचा पहिला दिवस

बी विषाणूचा शोध कावीळ शोधणाऱ्याने लावला नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांचे भेद अभ्यासत होते. वारंवार रक्त घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या रोग्याचा रक्तद्रव ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवाशी प्रक्रिया करतो, असे त्यांना आढळले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणजे बी विषाणूचे बाह्य आवरण होते. या कार्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक यकृतदाह दिन म्हणून पाळला जातो. त्याच आवरणापासून लस तयार झाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला परवाना मिळाला. कर्करोगाला अटकाव करणारी ती पहिली लस होय.

तिचा प्रभाव तैवानने दाखवून दिला. तेथे १९८४ मध्ये नवजात बालकांना लस देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा मुलांतील बाधेचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. दहा वर्षांत ते १.३ टक्क्यांवर आले आणि मुलांमधील यकृताचा कर्करोगही घटला. भारतात ही लस प्रारंभी परदेशातून येई आणि सामान्य पगारदाराला परवडत नसे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किमती कोसळल्या. २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत सुरू झालेले बी लसीकरण २०११ पर्यंत देशभरच्या सरकारी कार्यक्रमात समाविष्ट झाले. आता सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दिल्या जाणाऱ्या पंचगुणी लशीत तिचा अंतर्भाव आहे.

परंतु सर्वांत मोलाचा डोस त्या तिन्हींच्या आधीचा आहे. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिली जाणारी मात्रा, हीच आईकडून बाळाकडे जाणारा विषाणू थोपवू शकते. बाधित आईच्या बाळाला तिच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. त्यासाठी गरोदरपणातच आईच्या रक्ताची तपासणी झाली पाहिजे. सहा आठवड्यांनी दिलेली लस या बाळाच्या बाबतीत उशिराची ठरू शकते. बारशाचा मुहूर्त, पाचवीची पूजा यांची आठवण ठेवणाऱ्या घराने या पहिल्या चोवीस तासांची आठवण ठेवली, तर एका पिढीचे यकृत वाचेल. मोठ्यांनाही ही लस घेता येते. सहा महिन्यांत तीन मात्रा. रुग्णालयातील कर्मचारी, वैद्यकीय व परिचर्या शाखांचे विद्यार्थी, रक्तशुद्धीकरणावर असलेले रोगी आणि बाधितांचे कुटुंबीय यांनी ती घेतलीच पाहिजे.

सी विषाणूवर लस नाही. पण औषध आहे. १९८९ मध्ये ओळख पटलेल्या या विषाणूवर २०१३ पासून अशा गोळ्या उपलब्ध झाल्या की, बहुधा बारा आठवड्यांत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. ज्या इजिप्तला सुईने घायाळ केले त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून बाधितांवर मोफत उपचार केले. भारतातही २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. बी विषाणू औषधाने सहसा समूळ जात नाही; पण ज्यांना औषधाची गरज आहे त्यांच्या बाबतीत तो काबूत राहतो आणि यकृताची हानी टळते.

कळण्याची भीती

मग अडते कोठे? पुष्कळ अंशी ते तपासणीच्या दाराशी अडते. अनेक तरुणांना आपल्या बाधेची वार्ता प्रथम मिळते ती महाविद्यालयातील रक्तदान शिबिरानंतर किंवा नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत. ती वार्ता हाती येताच उपचारापेक्षा लपवालपवीचा विचार आधी सुचतो, कारण घरात ताटवाटी वेगळी होईल, जुळलेले लग्न मोडेल, कचेरीत सहकारी चहाचा कप बाजूला सारतील ही धास्ती असते. या धास्तीला शास्त्राचा काडीमात्र आधार नाही. बी आणि सी हे विषाणू एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, खोकल्याने, शेजारी बसून काम केल्याने पसरत नाहीत. बाधित शिक्षक वर्गात शिकवू शकतो, बाधित कारकून मेजावर बसू शकतो, बाधित मूल इतरांबरोबर खेळू शकते, आणि ज्या बाळाला जन्मतः लस मिळाली त्याला त्याची बाधित आई अंगावर पाजू शकते. लग्न ठरत असेल तर दुसऱ्या पक्षाला सत्य सांगावे आणि लस द्यावी, एवढाच मार्ग आहे, आणि तो पुरेसा आहे. चहाचा कप बाजूला सारणारा समाज मात्र नकळत विषाणूचाच पक्ष घेतो, कारण लपलेला रोग उपचारापर्यंत पोचत नाही आणि पसरत राहतो.

या रोगाच्या वाटा मोजक्या आहेत, त्या सर्व ज्ञात आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक वाट बंद करता येते. त्यासाठी सरकारने जे करायचे त्यातील पुष्कळसे झाले आहे. जे व्हायचे आहे त्याचा आग्रह धरलाच पाहिजे. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाने करायचे काम सरकार करू शकत नाही. ‘इंजेक्शन लागणारच आहे का?’ आणि ‘सुई-सिरिंज माझ्यासमोर पाकीट फोडून काढाल ना?’ हे दोन प्रश्न विचारताना बहुतेकांना संकोच वाटतो. डॉक्टरांचा अपमान होईल असे वाटते. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. मोडाशात हे प्रश्न रोज आणि प्रत्येक रोग्याने विचारले असते, तर त्या वर्षीच्या कित्येक चिता पेटल्या नसत्या.